संत्र्याचा बहार आणि ७५ युनिटची कुपी

मागच्या उन्हाळ्यात नागपुरातल्या डॉक्टरांनी आम्हाला एक साधा प्रश्न विचारला. "इंजेक्शन कोणतं घ्यायचं? युरिनरी की रिकॉम्बिनंट?" चिठ्ठीच्या मागे त्यांनी दोन नावं लिहिली. पहिली पावडरीची कुपी, स्वस्त. दुसरं पेन, बरंच महाग. "दोन्ही चालतात. घरी विचार करून सांगा."

लग्नाला चार वर्षं झाली होती. गोळ्यांवरचे तीन महिने वाया गेले होते. आता आययूआय करायचं, म्हणजे स्वच्छ केलेले शुक्राणू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडायचे, आणि त्याआधी बीजं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं घ्यायची, असं ठरलं होतं. काटोलच्या एसटीत खिडकीशी बसून मी ती दोन नावं गूगल केली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एखादी गोष्ट निवडायची असली की ती आधी कुठून आली, कुणी बनवली आणि कुठे फसली, हे बघायची सवय आहे. त्या रात्री सुरू झालेलं वाचन दोन आठवडे चाललं. सासूबाई म्हणाल्या, "काहून एवढं वाचून राहिली? डॉक्टर सांगतीन ते घ्यावं." पण डॉक्टरांनी तर आम्हालाच विचारलं होतं.

आधी यंत्रणा

दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेली पिच्युटरी ग्रंथी एफएसएच नावाचं हार्मोन सोडते. त्यामुळे बीजांडकोशात अनेक फॉलिकल, म्हणजे बीज असलेल्या पाण्याच्या पिशव्या, वाढायला लागतात. त्यातली एक पुढे गेली की शरीर एफएसएच कमी करतं. बाकीच्या सुकून जातात आणि बहुतेक वेळा एकच बीज बाहेर पडतं. बाहेरून एफएसएच दिलं की ही कपात होत नाही. मागे पडलेल्या पिशव्याही वाढत राहतात. इंजेक्शनचा फायदा इथेच आहे आणि धोकाही इथेच. पण तेव्हा मला फक्त फायदा दिसत होता.

घोडी, मृतदेह आणि नन

१९२७ साली बर्लिनमध्ये झोंडेक आणि अश्हाइम या दोन डॉक्टरांनी दाखवलं की गरोदर बाईच्या लघवीत बीजांडकोशाला जागं करणारं द्रव्य असतं. ती लघवी उंदराच्या मादीला टोचून गर्भ आहे की नाही, हे ते सांगत. झोंडेक ज्यू होते. १९३३ मध्ये नाझी आले, त्यांची नोकरी गेली आणि ते शेवटी जेरुसलेमला पोचले.

मग प्रश्न आला की हे द्रव्य औषधापुरतं आणायचं कुठून? आधी गाभण घोडीच्या रक्तातून काढून पाहिलं. पण माणसाचं शरीर परक्या प्राण्याचं प्रथिन ओळखतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. काही दिवसांत औषध लागू पडेनासं व्हायचं. स्वीडनमध्ये कार्ल गेम्झेल यांनी दुसरी वाट धरली. मृत माणसांच्या पिच्युटरी ग्रंथींमधून एफएसएच काढायचं. १९५८ मध्ये त्यांनी पहिले निकाल मांडले. औषध लागू पडलं. ऑस्ट्रेलियाने तर अशा हार्मोनचा सरकारी कार्यक्रमच १९६७ पासून चालवला. तो १९८५ मध्ये बंद करावा लागला, कारण मृतदेहांतून काढलेल्या हार्मोनबरोबर मेंदू पोखरणारा क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा आजारही जाऊ शकतो, हे तोवर जगाला कळलं होतं. मूल व्हावं म्हणून हे इंजेक्शन घेतलेल्या काही ऑस्ट्रेलियन स्त्रिया पुढे त्याच आजाराने गेल्या. हे वाचून मी फोन पालथा ठेवला होता.

तिसरी वाट इटलीत निघाली. पाळी कायमची थांबल्यावर बीजांडकोश उत्तर देत नाही. मग पिच्युटरी जास्तच हार्मोन सोडते आणि ते लघवीतून बाहेर पडतं. सेरोनो कंपनीच्या पिएरो दोनिनी यांनी १९४९ च्या सुमारास ते लघवीतून शुद्ध केलं होतं. त्याचं नाव परगोनल. पण त्याचं करायचं काय, हे कंपनीला कळत नव्हतं. १९५७ मध्ये ब्रूनो लुनेनफेल्ड हा तरुण डॉक्टर रोमला गेला आणि म्हणाला, मला पाळी गेलेल्या शेकडो बायकांची रोजची लघवी हवी. संचालक मंडळाने नकार दिला. लुनेनफेल्ड यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, मंडळावरचे जूलिओ पाचेल्ली मदतीला आले. ते तेव्हाचे पोप बारावे पायस यांचे पुतणे. त्यांच्या खटपटीने वृद्ध ननांच्या आश्रमांतून लघवी गोळा होऊ लागली. नन सोयीच्या होत्या, कारण त्यांच्यात गरोदरपणाचं हार्मोन मिसळायची शक्यता नव्हती. एका बाईच्या एका उपचाराला दहा ननांची दहा दिवसांची लघवी लागे. १९६२ मध्ये इस्रायलमध्ये या औषधावरचं पहिलं बाळ जन्मलं.

आयुष्यभर मूल न होण्याचं व्रत घेतलेल्या बायकांमुळे मूल हवं असलेल्या बाईला मूल झालं. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग त्यायलेही पुण्य लागलं असन."

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची पहिली कुपी याच घराण्यातली आहे. तिला एचएमजी म्हणतात आणि एका कुपीत बहुधा ७५ युनिट असतात. आता ती आपल्या देशातही बनते.

कोलकाता, १९७८

या कुपीचा भारताशी जुना संबंध आहे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी तेव्हा इंजेक्शनं न देता त्या बाईच्या नैसर्गिक चक्रातलं एकच बीज घेतलं होतं. त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुर्गा जन्मली. त्यांनी मात्र एचएमजीची इंजेक्शनं देऊन जास्त बीजं मिळवली होती आणि गर्भ गोठवून ठेवला होता. दोन्ही गोष्टी पुढे जगभर रोजच्या झाल्या.

पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिने त्यांचं म्हणणं खोटं ठरवलं. परदेशी परिषदांना जाऊ दिलं नाही. १९८१ मध्ये त्यांची बदली झाली डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला अमेरिकेतलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, एचएमजी देऊनच.

महाराष्ट्राचं पान १९८६ चं. ६ ऑगस्टला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा जन्मली. परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार त्यांच्या बरोबरीने या कामात होते. हे भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ मानलं गेलं. पुढे आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रं पाहिली आणि १९९७ मध्ये जाहीर लिहिलं की पहिला मान त्यांचा आहे. स्वतःच्या नावावरचं 'पहिलं' दुसऱ्याला देणारा माणूस मी तरी आमच्या क्षेत्रात पाहिलेला नाही.

हॅमस्टरच्या पेशी

चिठ्ठीवरचं दुसरं नाव १९९० च्या दशकातलं. एफएसएच बनवायची माणसाची जनुकं हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घालायची, त्या पेशी टाक्यांमध्ये वाढवायच्या आणि त्यांच्याकडून हार्मोन बनवून घ्यायचं. याला रिकॉम्बिनंट म्हणतात. असं पहिलं औषध १९९५ मध्ये युरोपात मंजूर झालं. लघवी नको, मृतदेह नको आणि प्रत्येक बॅच सारखी.

शुद्ध आणि महाग म्हणजे चांगलंच असणार, असं आम्हालाही वाटलं. पण २०११ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी आयव्हीएफचे ४२ अभ्यास, साडेनऊ हजारांहून जास्त जोडपी, एकत्र तपासली. बाळ जन्मण्याच्या प्रमाणात रिकॉम्बिनंट आणि लघवीतून काढलेल्या औषधात फरक सापडला नाही. आमच्यासारख्यांसाठी यातून एवढंच निघतं की कुपी घेतली म्हणून बाईने स्वतःला कमी लेखायचं कारण नाही.

फरक दुसरीकडे होता. पावडरीची कुपी साधारण २५ अंशांखाली ठेवली तरी चालते. पेन वापरण्याआधी फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि ते गोठूनही चालत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारी वीज जाते. आम्ही कुपी घेतली.

खरा प्रश्न

इतकं वाचूनही मी चुकीचा प्रश्न विचारत होते, हे मला दोन आकड्यांनी शिकवलं.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियात परगोनल घेतलेल्या एका स्त्रीला सात बाळं झाली. एक मृत जन्मलं, तीन पुढच्या काही दिवसांत गेली. वाचली तीनच. हा पहिला आकडा.

दुसरा २०१५ चा. अमेरिकेत ९०० जोडप्यांवर मोठा अभ्यास झाला. त्यांना मूल न होण्याचं कारण सापडत नव्हतं. तिघांपैकी एक औषध आणि सोबत आययूआय, जास्तीत जास्त चार वेळा. इंजेक्शन घेतलेल्यांत ३२ टक्के जोडप्यांना मूल झालं. क्लोमिफीनच्या गोळीने २३ टक्के, लेट्रोझोलच्या गोळीने १९ टक्के. इंजेक्शन पुढे आहे, यात शंका नाही. पण इंजेक्शनने राहिलेल्या १०७ गर्भधारणांपैकी ३४ एकाहून जास्त बाळांच्या होत्या, त्यात १० तिळी. गोळ्यांवर जी काही होती ती सगळी जुळी, आणि त्यांचं प्रमाणही बरंच कमी.

आयव्हीएफमध्ये किती गर्भ आत ठेवायचे हे डॉक्टर ठरवू शकतात. आययूआयमध्ये तो निर्णय हातात नसतो. पिशव्या चार फुटल्या तर चारही बीजं वाटेवर असतात. तिळी बाळं बहुतेक वेळा दिवस भरण्याआधी येतात आणि त्यांना नवजात अतिदक्षता विभाग लागतो. तो काटोलहून किती लांब आहे, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यामुळे 'कोणतं' हा दुय्यम प्रश्न. पहिला प्रश्न 'किती' हा आहे.

आपल्या देशाचा एक गोंधळही इथेच सांगते. लेट्रोझोल ही मुळात स्तनाच्या कर्करोगावरची गोळी. वंध्यत्वासाठी ती वापरायला ऑक्टोबर २०११ मध्ये भारतात बंदी आली. २०१४ मध्ये ७५० स्त्रियांच्या अमेरिकन अभ्यासात दिसलं की पीसीओएस असलेल्यांमध्ये ती क्लोमिफीनपेक्षा जास्त बाळं देते. बंदी उठली २०१७ मध्ये. मधल्या वर्षांत किती जणींना गोळीवरून थेट सुईवर जावं लागलं असेल, हा विचार मनातून जात नाही.

अकरावा दिवस

'गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असलेल्या खोलीत माझी फॉलिक्युलर स्टडी चालू होती. रोज एक कुपी. नवव्या दिवशी पडद्यावर दोन पिशव्या नीट दिसत होत्या. अकराव्या दिवशी चार. चारही १६ मिलिमीटरच्या वर. डॉक्टरांनी प्रोब बाजूला ठेवला. "ही सायकल रद्द करू. ट्रिगर देणार नाही, आययूआयही नाही."

नवरा बाहेर येऊन म्हणाला, "अग, एवढा खर्च झाला. एक चान्स घ्यायला काय हरकत?" त्याचं चुकत नव्हतं. महिनाभर आम्ही दर एक-दोन दिवसांनी नागपूरच्या वाऱ्या केल्या होत्या. मी त्याला सात बाळांची गोष्ट सांगितली. तो परतीच्या एसटीत काही बोलला नाही.

त्या रात्री सासऱ्यांना मी खरं काय ते सांगितलं. आमची थोडी संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात पाणी तोडून झाड ताणावर ठेवतात, मग पाणी सोडलं की सगळं झाड एकदम फुलतं. ताण आणि पाणी यांचं गणित जमलं तर बहार, चुकलं तर गळ. फार फळ लागलं तर फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागतात आणि पुढच्या वर्षी झाड थकलेलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "फुलवणं सोपं असते, पोरी. झाडाले झेपीन तेवढंच ठेवणं, ते कठीण."

बर्लिनच्या उंदरांपासून हॅमस्टरच्या पेशींपर्यंत सत्तर वर्षं माणसं हे औषध मिळवायला आणि शुद्ध करायला झटली. ते काम झालं. ते हात राखून कसं द्यायचं, हे शिकणं अजून चालू आहे, प्रत्येक बाईच्या प्रत्येक महिन्यात नव्याने.

पुढच्या महिन्यात आम्ही पेन घेतलं. शुद्धतेसाठी नाही. कुपी ७५ युनिटांच्या ठोकळ्यात येते, पेनवरचा आकडा लहान लहान टप्प्यांनी फिरवता येतो. डॉक्टरांनी डोस बराच खाली आणला. आम्ही थर्मासमध्ये बर्फ, त्यावर जाड टॉवेल आणि मग पेन ठेवून दुपारची एसटी टाळली, सकाळची धरली. वीज गेलीच तर शेजारच्या किराणा दुकानातला फ्रिज इन्व्हर्टरवर चालतो. काकूंना विचारून ठेवलं. त्यांनी कशासाठी हे विचारलं नाही, फक्त दुधाच्या पिशव्या सरकवून जागा केली.