टॉवरवरची दुसरी डिश

मायक्रोवेव्हच्या उंच टॉवरवर पुष्कळदा एकाच दिशेला तोंड केलेल्या दोन डिश असतात, एक वर आणि दुसरी काही मीटर खाली. खालची बहुधा नुसती ऐकण्यासाठीच असते. तिचं मूळ मात्र शॉर्टवेव्हच्या काळातलं आहे.

१९२०च्या दशकात समुद्रापलीकडून येणारे संदेश न्यूयॉर्कजवळ रिव्हरहेडच्या आरसीए केंद्रात घेतले जात. सिग्नल ऐन वेळी बुडे, मग पुन्हा वर येई. तिथल्या बेव्हरेज आणि पीटरसन या अभियंत्यांनी एक गोष्ट हेरली: एका अँटेनावर सिग्नल बुडालेला असतो तेव्हा दूरच्या अँटेनावर तो अनेकदा ठणठणीत असतो. मग अँटेना लांब लांब उभारून त्यांचे सिग्नल एकत्र केले. ही पद्धत त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केली.

मायक्रोवेव्हचं दुखणं वेगळं. वारा पडलेल्या रात्री हवेत उष्ण-थंड थर साचतात, किरण वाकतात आणि एकच लहर दोन वाटांनी पोचते. ६ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५ सेंटीमीटर. म्हणजे चाळीस किलोमीटरच्या प्रवासात दोन वाटांत अडीच सेंटीमीटरचा फरक पडला, की लहरी एकमेकींना खोडतात. पण त्याच टॉवरवर काही मीटर खाली हा हिशेब बदलतो, आणि तिथे सिग्नल शाबूत राहू शकतो.

सुरुवातीला अमेरिकेत राखीव फ्रिक्वेन्सीवर भागवलं जाई. फ्रिक्वेन्सींची टंचाई झाली तशी दुसऱ्या डिशची किंमत कळली. बेल लॅब्जच्या विगांट्स यांनी १९७५ साली तिचं गणित मांडलं: फायदा दोन डिशमधल्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. अंतर दुप्पट केलं की फायदा चौपट. ६ गिगाहर्ट्झ, ४० किलोमीटर, डिशमध्ये १० मीटर आणि ४० डेसिबलची राखीव ताकद धरली, तर त्यांच्या सूत्राने संपर्क तुटण्याचा वेळ सुमारे १८० पटींनी घटतो. एका जादा डिशच्या मानाने हा सौदा मला फार मोलाचा वाटतो.

पुढची पिढी याहून धीट निघाली. दोन्ही टोकांना दोन-दोन अँटेना नेमक्या अंतरावर लावल्या, तर एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्वतंत्र प्रवाह पाठवता येतात, कारण वाटांमधला फरकच त्यांना वेगळं ओळखू देतो. १८ गिगाहर्ट्झच्या ५ किलोमीटर लिंकला त्यासाठी दोन्ही टोकांना डिशमध्ये साधारण साडेसहा मीटर अंतर लागतं.