बांबू कुठे धरायचा?

बांबूउडी पाहताना आपले सगळे लक्ष वरच्या आडव्या दांडीकडे असते. खेळाडूने बांबू नेमका कुठे धरला आहे, हे सहसा कुणी पाहत नाही. पण या खेळाचा इतिहास चाळला, तर तो बराचसा पकडीच्या उंचीचाच इतिहास आहे, असे आपल्याला दिसेल.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेकडील अल्व्हरस्टन गावच्या खेळाडूंची तऱ्हा न्यारी होती. जड लाकडी काठी जमिनीत रोवायची, ती उभी होऊ लागली की नारळाच्या झाडावर चढावे तसे हातावर हात टाकत वर जायचे आणि दांडी ओलांडायची! पुढे नियम आला. पाय जमिनीवरून सुटल्यावर वरचा हात आणखी वर सरकवायचा नाही आणि खालचा हात त्याच्यावर न्यायचा नाही. म्हणजे किती उंच धरायचे हे धावण्यापूर्वीच ठरवणे आले. अंदाज चुकला तर हवेत दुरुस्ती नाही.

मग सर्वांनीच टोकाला का धरू नये? उडी घेताना हात डोक्यावर पूर्ण ताणलेले असतात. त्यांची जमिनीपासूनची उंची खेळाडूच्या शरीरावर अवलंबून असते. ती वाढवता येत नाही. त्यामुळे पकड जितकी टोकाकडे, तितका बांबू त्या क्षणी अधिक आडवा. तो उभा करायला धावेतून मिळालेली ऊर्जाच लागते. ती अपुरी पडली, तर बांबू मध्येच थांबतो आणि खेळाडू गादीऐवजी मागे, कठीण धावपट्टीवर आपटू शकतो. उलट पकड फार खाली असेल, तर बांबू झटकन उभा होतो, पण उंची मिळत नाही.

अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅम यांनी १९४० मध्ये खऱ्याखुऱ्या बांबूच्या काठीने प्रथमच १५ फुटांवर उडी मारली आणि १९४२ मध्ये ४.७७ मीटरपर्यंत मजल नेली. त्यांची पकड होती चार मीटरच्या आसपास. हा विक्रम १९५७ पर्यंत टिकला. ताठ काठीने याहून उंच पकड पेलणे फार अवघड होते.

१९६० नंतर काचतंतूंची लवचीक काठी आली आणि गणित बदलले. काठी वाकली की खेळाडूचे हात आणि काठीचे टेकलेले टोक यांतील अंतर कमी होते. समजा, ते पाऊणपट झाले. फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून तो ९/१६, म्हणजे जवळपास निम्म्यावर येतो. काठी सहज उभी होते आणि सरळ होताना साठवलेली ऊर्जा परत देते. तेवढ्याच धावेवर पकड वर नेता आली. १९६३ मध्ये ५ मीटरची उंची ओलांडली गेली. १९९४ मध्ये ६.१४ मीटर उडी मारणारे सर्गेई बुबका पाच मीटरच्याही वर पकड घेत. २०२५ मध्ये आर्मंड डुप्लांटिस यांनी टोकियोत ६.३० मीटर गाठले. आता काठीत बांबू उरला नाही. आपल्याकडे नाव तेवढे राहिले.

मात्र लवचीक काठीनेही मर्यादा पुसलेली नाही. अमेरिकेतील शालेय स्पर्धांत काठीवर खेळाडूच्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि पकडीच्या कमाल उंचीचा पट्टा असतो. त्याच्या वर धरायला मनाई आहे.

शाळेत हा खेळ शिकवणाऱ्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. मुलगा किंवा मुलगी गादीवर कुठे पडते ते पाहावे. अलीकडच्या कडेला पडत असेल, तर पकड खाली आणावी. प्रत्येक वेळी मध्यभागी आत पडत असेल, तरच ती चार बोटे वर न्यावी. शेजारच्या मुलाची पकड पाहून आपली ठरवू नये. किती उंच धरायचे, हे इथे हौस नव्हे, धाव ठरवते.