स्मॉलटॉकची स्मृतिप्रतिमा आणि शिळी नोंदव्यवस्था

इंद्रायणीत बुडविलेल्या तुकारामांच्या वह्या तेरा दिवसांनी अभंग वर आल्या, अशी देहूची परंपरागत श्रद्धा आहे. लिहिलेले जसेच्या तसे परत मिळावे, ही मानवी आकांक्षा त्या कथेत व्यक्त झाली आहे. संगणकविद्येत हीच आकांक्षा स्मॉलटॉक या भाषेने विशेष निष्ठेने जोपासली. तथापि सर्वच जसेच्या तसे परत येणे नेहमी इष्ट नसते, हेही तिच्याच इतिहासावरून दिसून येते.

स्मॉलटॉकचा जन्म १९७२ साली पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात झाला. ॲलन के यांची कल्पना डॅन इंगॉल्स यांनी प्रत्यक्षात उतरविली. पुढे १९८३ मध्ये ॲडेल गोल्डबर्ग व डेव्हिड रॉबसन यांच्या ग्रंथाने स्मॉलटॉक-८० चे सविस्तर स्वरूप जगापुढे आले. या पद्धतीत वर्ग, वस्तू, उघड्या खिडक्या, चालू प्रक्रिया असे स्मृतीतील सर्व काही एका फाइलीत जतन होते. तिलाच ‘इमेज’ म्हणजे स्मृतिप्रतिमा म्हणतात. प्रतिमा पुन्हा उघडली की काम थांबले होते तेथूनच पुढे चालते.

अन्य बहुतेक भाषांत कार्यक्रम पुन्हा सुरू होताना त्याची स्मृती रिकामी असते. त्यामुळे नोंदी कोठे व किती तपशिलाने लिहावयाच्या, हे तो दर वेळी मांडणीच्या फाइलीतून नव्याने वाचतो. स्मॉलटॉकमध्ये वर्गाचा आरंभविधी सामान्यतः तो वर्ग प्रथम प्रतिमेत दाखल होताना चालतो, प्रत्येक जागृतीच्या वेळी नव्हे. ‘मूल्य नसेल तरच वाच’ असा संकेत ठेवला, तरी जतन केलेल्या प्रतिमेत मूल्य असतेच. म्हणून वाचन घडत नाही. परिणामी फाइलीत बदल करूनही जुनीच मांडणी चालू राहते, आणि काल बंद झालेल्या लॉगचा दुवा आज जिवंत असल्यासारखा जपला जातो.

हा दोष निष्काळजीपणाचाच आहे असे म्हणता येत नाही. तो गुणाच्याच पोटी आला आहे. म्हणून जतनाची पद्धत न सोडता जागृतीचा विधी वेगळा करण्यात आला. १९९६ मध्ये प्रसृत झालेल्या स्क्वीकमध्ये झोपताना व उठताना कोणत्या वर्गांना पाचारण करावयाचे, याच्या याद्या आढळतात. तेथे प्रत्येक उघड्या फाइलीच्या दुव्यावर सत्राची खूणही असते. खूण जुळली नाही तर दुवा नाकारला जातो. २००८ मध्ये स्क्वीकपासून वेगळ्या झालेल्या फारोने पुढे सत्रांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. परंतु नोंदव्यवस्थेच्या लेखकाने आपला वर्ग यादीत घातलाच नाही, तर या सोयी निष्फळ ठरतात.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थबकावयास हवे. लॉग हे संगणकीय व्यवहाराचे दप्तर होय. नोंद नाही म्हणून घटना घडली नाही, असे अनुमान शिळ्या मांडणीपुढे टिकत नाही. नोंदी दुसऱ्याच फाइलीत गेलेल्या असू शकतात, किंवा पूर्वीच्या मर्यादेने गाळल्या गेलेल्या असू शकतात. यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्याची साक्षही अशा वेळी पुरेशी नसते. पोथीतील पाठ ठरविताना ती कोणत्या प्रतीवरून उतरली हे संशोधक विचारतो, तसेच लॉगच्या बाबतीत ही मांडणी केव्हा वाचली गेली व प्रतिमा केव्हा जतन झाली, हे आधी विचारले पाहिजे.