महाविद्यालयीन खेळाडूंना मोबदला : अमेरिकी विद्यापीठ क्रीडाक्षेत्रातील स्थित्यंतर

अमेरिकेतील विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा १ जुलै २०२५ पासून मिळाली. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ (एनसीएए) या संस्थेने अनेक दशके कटाक्षाने जपलेली ‘हौशी खेळाडू’ ही संकल्पना त्यामुळे मोडीत निघाली. कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ रोजी ‘हाऊस विरुद्ध एनसीएए’ खटल्यातील तडजोडीला अंतिम मंजुरी दिली. तिच्यानुसार प्रत्येक सहभागी विद्यापीठाला २०२५-२६ या वर्षात सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंमध्ये वाटता येते. मोबदला द्यावा की देऊ नये, हा वाद यामुळे बहुतांशी मिटला आहे. मात्र हा पैसा कोणाला मिळणार आणि त्याची झळ कोणत्या खेळांना बसणार, हे प्रश्न आता पुढे आले आहेत.

हौशी तत्त्वाचा पाया

फुटबॉलच्या मैदानावरील मृत्यूंमुळे चिंतित झालेले राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकारानंतर १९०६ मध्ये एनसीएएची पूर्वसूरी संस्था स्थापन झाली. खेळातील नैपुण्यासाठी शिष्यवृत्ती देण्यास १९५६ मध्ये रीतसर मान्यता मिळाली. शिक्षण शुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके यांपलीकडे काहीही स्वीकारल्यास खेळाडू अपात्र ठरत असे.

‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दप्रयोगही याच काळात रूढ झाला. सामन्यातील दुखापतीने मृत्यू पावलेल्या एका महाविद्यालयीन फुटबॉलपटूच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली असता, कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती नाकारली. खेळाडू हा महाविद्यालयाचा कर्मचारी नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता. हा शब्दप्रयोग रुजवणारे एनसीएएचे तत्कालीन प्रमुख वॉल्टर बायर्स पुढे स्वतःच या व्यवस्थेचे कठोर टीकाकार झाले.

दरम्यान, खेळाभोवतीचा पैसा वाढत गेला. फुटबॉल सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील एनसीएएचे नियंत्रण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये रद्द केले आणि विद्यापीठांच्या गटांना, म्हणजे ‘कॉन्फरन्स’ना, स्वतंत्र करार करण्याची वाट मोकळी झाली. पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या, म्हणजेच ‘मार्च मॅडनेस’च्या, प्रक्षेपण हक्कांसाठी २०१० मध्ये १४ वर्षांचा १,०८० कोटी डॉलरचा करार झाला. २०१६ मध्ये तो आणखी ८ वर्षांसाठी ८८० कोटी डॉलरना वाढवण्यात आला. जॉर्जिया विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांचे वार्षिक मानधन २०२४ मध्ये सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरवर गेले. खेळाडूंच्या हाती मात्र शिष्यवृत्तीच राहिली.

न्यायालयांतून आलेला बदल

हा बदल एनसीएएने आपणहून केला नाही. तो न्यायालयांनी घडवून आणला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचे माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांना एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःची प्रतिकृती दिसली. तिच्या वापरासाठी त्यांना काहीही मिळाले नव्हते. त्यांनी २००९ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात न्या. विल्केन यांनी २०१४ मध्ये एनसीएएचे नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे ठरवले.

निर्णायक धक्का २१ जून २०२१ रोजी बसला. ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एनसीएएच्या विरोधात कौल दिला. निकाल शैक्षणिक लाभांपुरताच मर्यादित होता, परंतु न्या. ब्रेट कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र सहमतीपत्रात एनसीएएच्या संपूर्ण व्यवसायपद्धतीवरच प्रश्नचिन्ह लावले. त्याआधी २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने खेळाडूंना जाहिरातींतून कमाईचा हक्क देणारा कायदा केला होता आणि इतर राज्ये त्याचे अनुकरण करत होती. अखेर १ जुलै २०२१ पासून एनसीएएने खेळाडूंना आपले नाव, छबी आणि ओळख यांच्या व्यावसायिक वापरातून पैसे मिळवू दिले. ही सवलत ‘एनआयएल’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

जाहिरातींपुरती अभिप्रेत असलेली ही सवलत लवकरच वेगळ्या वळणावर गेली. धनाढ्य समर्थकांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाचे निधी उभारून आपल्या विद्यापीठाच्या खेळाडूंना करार देण्यास सुरुवात केली. विद्यापीठ बदलण्यावरील निर्बंधही टप्प्याटप्प्याने सैल होऊन २०२४ मध्ये जवळपास संपले. परिणामी चांगल्या खेळाडूंसाठी दरवर्षी बोली लागू लागली.

तडजोडीतील तरतुदी

‘हाऊस’ खटल्याला ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे जलतरणपटू ग्रँट हाऊस यांचे नाव आहे. तडजोडीचे मुख्य भाग तीन आहेत. पहिला, २०१६ पासून खेळलेल्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई. दुसरा, बड्या कॉन्फरन्समधील विद्यापीठांच्या ठरावीक क्रीडा उत्पन्नाच्या सरासरीच्या सुमारे २२ टक्के एवढी वार्षिक वाटपाची कमाल मर्यादा. तिसरा, शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरील बंधनाऐवजी संघातील एकूण खेळाडूंच्या संख्येवर बंधन. याशिवाय ६०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेच्या बाह्य करारांची छाननी करण्याची व्यवस्था आणि अंमलबजावणीसाठी ‘कॉलेज स्पोर्ट्स कमिशन’ ही नवी संस्थाही अस्तित्वात आली.

झळ कोणाला?

बहुतेक विद्यापीठांत फुटबॉल आणि पुरुषांचे बास्केटबॉल हेच दोन खेळ लक्षणीय उत्पन्न देतात. जलतरण, टेनिस, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती, ॲथलेटिक्स यांचा खर्च मुख्यतः त्याच उत्पन्नातून किंवा विद्यापीठाच्या अनुदानातून भागतो. आता फुटबॉलच्या मिळकतीतील मोठा हिस्सा फुटबॉलपटूंकडे वळू लागल्याने इतर खेळांचा आधार कमी होत आहे.

याची चिन्हे तडजोड मंजूर होण्यापूर्वीच दिसली. कॅलिफोर्नियातील कॅल पॉली विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये जलतरण आणि डायव्हिंगचे संघ बंद केले आणि कारणांमध्ये या तडजोडीचा आर्थिक भार नमूद केला. ज्या दाव्याला एका जलतरणपटूचे नाव आहे, त्याच्या परिणामांची झळ जलतरणालाच बसली. त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस विद्यापीठाने सर्वोच्च ‘डिव्हिजन वन’ श्रेणी सोडून क्रीडा शिष्यवृत्ती नसलेल्या ‘डिव्हिजन थ्री’मध्ये जाण्याचा निर्णय जाहीर केला.

संघसंख्येच्या बंधनामुळे शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या ‘वॉक-ऑन’ खेळाडूंच्या जागाही गेल्या. न्या. विल्केन यांनी एप्रिल २०२५ मध्ये याच मुद्द्यावर मंजुरी रोखून धरली आणि वगळलेल्या खेळाडूंना मर्यादेबाहेर ठेवून परत घेण्याची सोय करायला लावली. या सर्वांचा संबंध ऑलिंपिकशीही आहे. अमेरिकेत क्रीडा मंत्रालय नाही. ऑलिंपिक पथकातील निम्म्याहून अधिक खेळाडू महाविद्यालयीन संघांत घडलेले असतात.

महिला खेळाडूंचा प्रश्न

शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदास मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे अमेरिकेत महिलांचे खेळ वाढले. महसुलाचे वाटप या कायद्याच्या कक्षेत येते, असे शिक्षण खात्याने जानेवारी २०२५ मध्ये म्हटले. ट्रम्प प्रशासनाने पुढच्याच महिन्यात ती भूमिका मागे घेतली. भरपाईचा बहुतांश भाग पुरुष खेळाडूंना जाणार असल्याने काही महिला खेळाडूंनी अपील केले. महिलांच्या खेळाला प्रेक्षक नाहीत, हा युक्तिवादही आता टिकत नाही. २०२४ मध्ये महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना अमेरिकेत १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांचा सुमारे १ कोटी ४८ लाखांनी.

परदेशी आणि भारतीय खेळाडू

सोमदेव देववर्मन यांनी व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये एनसीएएचे टेनिस एकेरी विजेतेपद मिळवले. तेजस्विन शंकर यांनी कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडीत ते पटकावले. अशा भारतीय खेळाडूंसमोर नव्या व्यवस्थेत दुहेरी अडचण आहे. ‘एफ-१’ या विद्यार्थी व्हिसावर कमाईचे कडक निर्बंध असल्याने अनेक परदेशी खेळाडू जाहिरात करार टाळतात किंवा अमेरिकेबाहेर असतानाच ते पूर्ण करतात. शिवाय ज्या खेळांतून ते प्रवेश मिळवतात, त्या टेनिस, ॲथलेटिक्ससारख्या खेळांवरच कपातीचे सावट आहे.

विद्यार्थी की कर्मचारी?

डार्टमथ महाविद्यालयाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्थापण्याचा कौल दिला. मात्र वर्षअखेरीस तो अर्ज मागे घेण्यात आला. जुलै २०२४ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने महाविद्यालयीन खेळाडू किमान वेतन कायद्याखाली कर्मचारी ठरू शकतात, असे मत दिले. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या जुलै २०२५ मधील आदेशात महिलांच्या आणि उत्पन्न न देणाऱ्या खेळांतील संधी राखण्यावर भर आहे. एनसीएएला मात्र काँग्रेसकडून खटल्यांपासून संरक्षण आणि खेळाडू कर्मचारी नाहीत अशी स्पष्ट तरतूद हवी आहे. तशी तरतूद झाली नाही, तर वेतन, कामाचे तास आणि विमा यांचे दावे पुन्हा न्यायालयांतच लढले जातील.