करिंथ येथील ख्रिस्तसभा आणि आत्म्याचीं दानें

महोत्सवाच्या पुस्तकांत आपल्या देवळाची थोरवी गावी असा प्रघात आहे, व तो वावगा नाहीं. परंतु हें पुस्तक तयार होत असतां कोणाचें नांव आधीं छापावें, गाणाऱ्या मंडळीचें कीं देणगीदारांचें, याविषयींची कुजबुज आमच्या कानीं आली, आणि आम्हांस करिंथची आठवण झाली. म्हणून त्या ख्रिस्तसभेचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

करिंथ हें ग्रीस देशांतील दोन बंदरांचें शहर. रोमी लोकांनीं तें इ. स. पूर्वीं १४६ मध्यें उद्ध्वस्त केलें व यूलियस सीझरनें इ. स. पूर्वीं ४४ मध्यें पुनः वसविलें. वस्ती बहुतेक उपऱ्यांची: मुक्त झालेले दास, व्यापारी, यहुदी. जुनें कुलशील फारसें कोणापाशीं नसल्यामुळें जो तो नवी प्रतिष्ठा मिळविण्याच्या खटपटींत असे. संत पौल सुमारें इ. स. ५० मध्यें तेथें आला, अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरीं राहिला, तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरीत त्यानें दीड वर्ष उपदेश केला, आणि ख्रिस्तसभा उभी राहिली.

पुढें तो इफेस येथें असतां ख्लोए नामक बाईच्या माणसांनीं वर्तमान आणिलें कीं, मंडळींत तट पडले आहेत. कोणी स्वतःस पौलाचा, कोणी अपुल्लोचा, तर कोणी केफाचा म्हणवितो. प्रभुभोजनास श्रीमंत आधीं येऊन तृप्त होत व गरीब उपाशी राहत. आत्म्याच्या दानांचीही तीच गत. दानांची तेथें वाण मुळींच नव्हती. ज्ञान, रोग बरे करणें, भविष्यवाद, नाना भाषा बोलणें, सर्व कांहीं होतें. पण ज्यास परभाषा बोलतां येई तो ती ऐटीनें बोले, आणि जवळ बसलेल्यास अवाक्षर कळत नसे.

सुमारें इ. स. ५५ मध्यें पौलानें लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायांत शरीर व अवयव यांचा दृष्टांत आहे. तो अगदींच नवा नव्हता. रोममधील सामान्य जन रुसून शहराबाहेर गेले तेव्हां मेनेनियस अग्रिप्पानें पोट व अवयव यांची गोष्ट सांगून त्यांची समजूत घातली, असें इतिहासकार लिव्ही सांगतो. हातापायांनीं पोटाविरुद्ध कुरकुर करूं नये, हा तिचा रोख. पौलानें तो रोखच फिरविला. जे अवयव दुबळे दिसतात ते अधिक अगत्याचे, आणि ज्यांस मान थोडा त्यांस तो अधिक द्यावा, असें त्याचें म्हणणें. दानांच्या यादींत साहाय्य करणें व व्यवस्था पाहणें हीं दोन साधीं दानें त्यानें घातलीं, आणि करिंथकरांस जिचा मोठा अभिमान ती परभाषा शेवटीं ठेविली. देऊळ झाडणारी आमची म्हातारी त्या यादींत कोठें बसते, हें आम्हांस निराळें सांगावयास नको.

करिंथच्या उत्खननांत आस्क्लेपियस देवाच्या मंदिरापाशीं भाजक्या मातीचे हात, पाय व कान सांपडले आहेत. बरे झालेल्यांनीं नवस फेडण्यास वाहिलेले, पौलापूर्वीं कित्येक शतकांचे. वांद्र्याच्या मोतमाउलीस मेणाचे हातपाय वाहणाऱ्या आमच्या लोकांस याचें नवल वाटणार नाहीं. सुटा अवयव ही दुखण्याची खूण, हें तेही जाणतात.

भांडणाऱ्यांचीं नांवें पौलानें पत्रांत घातलीं नाहींत. सेवा करणाऱ्या स्तेफनसच्या घराण्याचें नांव मात्र घातलें. आपलें घर सर्व मंडळीस मोकळें ठेवणारा गायस, व रोमकरांस पाठविलेलें पत्र लिहून काढणारा तर्तियस, हेही आपणांस नांवानें ठाऊक आहेत.

तंटा मात्र कायमचा मिटला नाहीं. सुमारें इ. स. ९६ मध्यें करिंथच्या कांहीं मंडळींनीं निर्दोष वडिलांस अधिकारावरून काढिलें, तेव्हां रोमच्या ख्रिस्तसभेनें संत क्लेमंटच्या हातचें लांबलचक पत्र व त्यासोबत तीन माणसें पाठविलीं. पत्र चांगलेंच झोंबणारें होतें. करिंथकरांनीं तें फाडून टाकिलें नाहीं. सुमारें इ. स. १७० मध्यें तेथील बिशप दियोनीसियस यानें रोमला कळविलें कीं, क्लेमंटचें तें पत्र आमच्या येथें अद्याप प्रभूच्या वारीं वाचून दाखविण्यांत येतें.