व्हीसीडी हरली, डीव्हीडी जिंकली? प्रश्न जरा नीट विचारूया

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर प्रस्ताव लिहिताना बहुतेकांची पहिली ओळ ठरलेली असते: नवं आलं, जुनं गेलं. आज हीच ओळ तपासून बघू, आणि त्यासाठी उदाहरण घरातलंच घेऊ. जालना जिल्ह्यात भोकरदन, मंठा, घनसावंगी अशा कुठल्याही तालुक्यात टीव्हीखालचा कप्पा उघडला, तर जुन्या ‘सीडी’ अजून सापडू शकतात. बोलताना आपण सगळ्यांनाच सीडी म्हणतो, पण त्यात दोन पिढ्या आहेत: व्हीसीडी आणि डीव्हीडी.

आधी थोडं तांत्रिक. व्हीसीडीचं प्रमाणक १९९३ मध्ये ठरलं. साध्या सीडीवर सुमारे ७४ मिनिटांचं चित्रण मावायचं, म्हणून एका हिंदी सिनेमाला दोन, कधी तीन सीडी लागायच्या. डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये बाजारात आली. तिच्या एका थरावर ४.७ जीबी मावतं, म्हणजे सीडीच्या जवळपास सातपट. चित्रातले ठिपकेही चौपट.

आता पहिली अडचण. अमेरिकेत व्हीसीडी कधी रुजलीच नाही, तिथे डीव्हीडीची लढत थेट व्हीएचएस कॅसेटशी झाली. चीन, आग्नेय आशिया आणि भारतात मात्र मध्ये व्हीसीडीची आख्खी पिढी होती. तिकडच्या पुस्तकातली ‘कॅसेट विरुद्ध डीव्हीडी’ ही चौकट उचलून जालन्यावर बसवली, की ही पिढीच गायब होते.

दुसरी अडचण ‘स्पर्धा’ या शब्दात आहे. बीटामॅक्सची कॅसेट व्हीएचएसच्या यंत्रात चालत नव्हती, तिथे एकाची निवड म्हणजे दुसऱ्याला नकार. डीव्हीडी प्लेअरवर व्हीसीडी मात्र आरामात चालायची. म्हणजे घरात नवं यंत्र आलं तरी जुन्या सीडी फेकायची गरज नव्हती. म्हणून यंत्राचा इतिहास आणि सीडीचा इतिहास वेगळा मोजायला हवा. दोन्हींची कालरेषा एकच धरली, की निष्कर्ष चुकतो.

तिसरा मुद्दा किमतीचा. अधिकृत डीव्हीडीला काहीशे रुपये पडायचे, त्या काळात मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. फरक फक्त सहा रुपयांचा! नव्याने जुन्याला एका झटक्यात हरवलं असतं, तर एकाच कंपनीने दोन्ही शेजारी ठेवून विकल्या नसत्या.

मग डीव्हीडी पुढे गेली कशाने? माझा अंदाज असा की चित्राच्या दर्जाने नाही. जुन्या फुगीर काचेच्या २१ इंची टीव्हीवर तो फरक किती दिसणार? खरं आकर्षण होतं ते एकाच डीव्हीडीत पाच-सहा सिनेमे कोंबलेल्या नकली मालाचं. गंमत बघा, इतके सिनेमे कोंबायचे तर दर्जा कमी करावाच लागतो. म्हणजे डीव्हीडीचा जो गुण जाहिरातीत सांगितला जायचा, तोच सोडून ती लोकप्रिय झाली. हा व्यवहार किती मोठा होता याची एक खूण कायद्यात सापडते: १९८१ च्या एमपीडीए कायद्यात महाराष्ट्राने २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट’ हा वर्ग जोडला.

हे सिद्ध कसं करायचं? २००१ आणि २०११ च्या जनगणनेत घरात टीव्ही आहे का हे विचारलं, प्लेअरचं विचारलं नाही. म्हणजे जिल्ह्याचा तयार आकडा तिथे मिळणार नाही. पण सीडीचं कव्हर हा चांगला दस्तऐवज आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ नुसार त्यावर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, निर्माता आणि हक्कधारक यांची नावं-पत्ते असावे लागतात. कोणता माल कुठल्या शहरातून येत होता, हे त्यावरून जुळवता येतं.

नकली मालाला असं कव्हर नाही. तिथे मुलाखतीच कराव्या लागतील. तालुक्याच्या गावात पूर्वी सीडी भाड्याने देणारे आज कदाचित मोबाईलच्या दुकानात बसलेले असतील. त्यांना ‘डीव्हीडी का जिंकली?’ असं विचारू नका, उत्तर तुम्हीच त्यांच्या तोंडी घातल्यासारखं होईल. ‘व्हीसीडी मागवणं कधी बंद केलं? शेवटपर्यंत कोण मागत होतं?’ असं विचारा. विषय पायरसीचा आहे, त्यामुळे संमती घ्या आणि नावं गुप्त ठेवा.

आणि उशीर करू नका. कारखान्यात छापलेली सीडी टिकते, पण कॉम्प्युटरवर ‘राइट’ केलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर हळूहळू खराब होतो. गावातली लग्नं, कीर्तनं, जागरण-गोंधळ हे बहुतेक असल्याच सीडींवर आहे. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि व्हीसीडी-डीव्हीडी दोन्ही एकदमच कप्प्यात गेल्या. जिंकलं कोण, हे ठरवायची घाई नाही. त्या सीडी वाचता येतात तोवर त्यांची प्रत काढून, कव्हरचा फोटो घेऊन यादी करायची घाई मात्र आहे. या दिवाळीला घरी गेलात की सुरुवात करा.