उदरातील अनपेक्षित

पेणच्या बाजारात किंवा रोह्याच्या एस.टी. स्थानकावर पोट पुढे आलेला एखादा गृहस्थ दिसला की ‘कितवा महिना?’ असे विचारून हसण्याची थट्टा आपल्याकडे जुनीच आहे. नागपूरच्या एका शेतकऱ्याने ही थट्टा वर्षानुवर्षे सोसली. लाजेने तो मान खाली घालून वावरत राहिला. आपल्या पोटात काय आहे, हे मात्र त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

१९९९ च्या जून महिन्यात, वयाच्या ३६ व्या वर्षी, श्वास घेणेही कठीण झाले तेव्हा त्याच्यावर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार झाले. प्रचंड गाठ असावी, अशा समजुतीने डॉ. अजय मेहता यांनी पोट उघडले. प्रथम पुष्कळ द्रव बाहेर आला. मग आत घातलेल्या हाताला हाडे लागली. पाठोपाठ हातपाय, केस, जबडा असे अवयव निघाले. मातेच्या उदरातच जुळ्यांपैकी एक गर्भ दुसऱ्याच्या देहात सामावला होता आणि त्याच्याच रक्तावर वाढला होता. सुमारे पाच लाख जन्मांत एखाद्या वेळी असे घडते, असे मानतात.

पोट उघडल्यावाचून आतले कळत नसे, असा काळ फार लांबचा नाही. १५८२ साली फ्रान्समधील सेन्स गावी एक ६८ वर्षांची स्त्री वारली. शवविच्छेदनात तिच्या उदरात २८ वर्षे राहिलेला, दगडासारखा कठीण झालेला गर्भ सापडला. १८०९ साली अमेरिकेतील केंटकीत एका स्त्रीला सर्वांनी गरोदर ठरविले होते. डॉ. इफ्रेम मॅकडोवेल यांनी मात्र अंडाशयाची गाठ ओळखली. ती बाई घोड्यावरून ६० मैल प्रवास करून त्यांच्या घरी आली. नाताळच्या दिवशी, भुलीच्या औषधाविना, तिच्या पोटातून सुमारे दहा किलोंची गाठ काढण्यात आली. त्या वेदनेत ती स्तोत्रे म्हणत होती, असे सांगतात. पुढे ती तीस वर्षांहून अधिक जगली. ईथरची भूल १८४६ मध्ये आली आणि क्ष-किरण १८९५ मध्ये.

परंतु साधने आली म्हणून भय गेले नाही. २०१४ साली नागपूरच्याच एका रुग्णालयात साठी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या पोटातून गर्भाचा सांगाडा काढण्यात आला. १९७८ मध्ये गर्भाशयाबाहेर राहिलेला तो गर्भ दगावला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली होती. पण ती घाबरून गावी परतली. वेदना शमल्या आणि ३६ वर्षे निघून गेली.

याउलट २०२५ च्या आरंभी बुलढाण्याला एका गर्भवतीची सोनोग्राफी झाली, तेव्हा पोटातील बाळाच्याच उदरात गर्भ दिसला. जन्मानंतर काही दिवसांतच अमरावतीला त्या बाळावर शस्त्रक्रिया झाली. नागपूरच्या शेतकऱ्याचे जे दुखणे ३६ वर्षांनी उमगले, ते येथे जन्मापूर्वीच उमगले.

यंत्राला आतले दिसते. पण यंत्रापर्यंत माणसाला न्यायचे असते माणसानेच. लाज आणि भय यांची सोनोग्राफी होत नाही. तेव्हा आपल्या घरी, आपल्या आळीत कोणी पोट धरून गप्प बसले असेल, तर त्याला हसू नये. जवळ बसावे, विचारपूस करावी आणि हात धरून दवाखान्यात न्यावे.